एक गडगा, दोन रानं

शिमग्याच्या सुमारास आमच्या गावच्या पाखाडीने वर चढताना एक गंमत दिसते. गडग्याच्या, म्हणजे दगडी बांधाच्या, एका अंगाला ऐन, किंजळ, नाणा. निम्मी झाडं बोडकी, खाली पाचोळ्याचा खच, पाऊल टाकलं की चरचर. दुसऱ्या अंगाला देवरहाटी, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. तिथे भर दुपारी काळोख, बकुळ-जांभळाची जुनी खोडं, मनगटाएवढ्या वेली आणि हाताला गार लागणारी माती. मधे दोन हातांचा गडगा. पाऊस दोन्हीकडे तोच. तरी जंगलांच्या वर्गवारीत हे एक रान ‘दमट पानझडी’त बसतं, दुसरं ‘निमसदाहरित’मध्ये.

ही वर्गवारी हॅरी चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९३६ साली मांडली आणि पुढे एस. के. सेठ यांच्यासोबत १९६८ मध्ये सुधारून घेतली. हवामान, झाडोरा आणि जमीन बघून भारतातली जंगलं त्यांनी १६ मुख्य गटांत लावली. आजही सरकारी नकाशे तिच्याच आधाराने निघतात.

कोकणात मात्र पावसाचा आकडा फसवतो. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. एवढ्या पाण्यावर सदाहरित अरण्य माजायला हवं. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात कोसळून मोकळा होतो. आँरी गोसाँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाचा एक सोपा हिशेब आहे: महिन्याचा पाऊस मिलिमीटरमध्ये घ्या, सरासरी तापमान सेल्सिअसमध्ये, पाऊस तापमानाच्या दुपटीहून कमी भरला तर तो महिना कोरडा. आपल्याकडे तापमान २७ धरलं तर महिन्याला किमान ५४ मिलिमीटर हवा. या मापाने नोव्हेंबर ते मे, साधारण सात महिने कोरडे निघतात. केरळात मेमध्येच सरी येतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरातही चांगला पाऊस होतो. कोरडा काळ आखडतो आणि तेवढ्याच पावसावर सदाहरित जंगल निभावून नेतं. झाडाला पाऊस किती पडला याहून किती महिने पडला नाही, हे जास्त भोवतं. पान म्हणजे पाणी उडून जायची वाट. ऐन ती वाट उन्हाळ्यापुरती बंद करतो, इतकंच.

हे सात महिने काढायचे तर जमिनीत पाणी साठलेलं हवं. इथे जांभा खडक आड येतो. लाखो पावसाळ्यांनी खडकातली सिलिका धुऊन नेली, लोह-ॲल्युमिनियमची संयुगं उरली, म्हणून तो तांबडा. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, माती जेमतेम बोटभर. झाड रुजणार कुठे? सातबाऱ्यावर त्याला ‘पडीक’ म्हणतात, याचा मला दरवेळी राग येतो. श्रावणात तिथे गेंद फुलतात, सीतेची आसवं निळी होतात, आणि मातीत नायट्रोजन जेमतेम म्हणून ‘दवबिंदू’ नावाच्या वनस्पतीसारखी झाडं चक्क किडे पकडून पोट भरतात.

सड्यावर मुरलेलं पाणी खाली उतरत जातं आणि जांभ्याखालच्या चिकणमातीला अडून कडेला झऱ्याच्या रूपाने फुटतं. तिथून व्हाळ, म्हणजे ओढा, निघतो, आणि व्हाळाकाठी राई टिकते. याचं टोकाचं उदाहरण दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे आहे. पाणी हटतच नाही अशा दलदलीत रानजायफळाच्या जातीची झाडं उभी आहेत. चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून झाडं ती वाकवलेल्या गुडघ्यासारखी वर काढतात. जागा तीन हेक्टरांहूनही लहान. २०२१ मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला.

मग आमच्या गडग्याचं काय? माती दोन्हीकडे जांभ्याचीच, व्हाळही कुठे जवळ नाही. फरक कोयतीचा. देवाच्या रानात कुणी हात घातला नाही. पलीकडे राबासाठी (शेतात जाळायच्या पाल्यासाठी) आणि जळणासाठी पिढ्यान्‌पिढ्या तोड झाली. सावली गेली की वरची कुजकी माती उन्हाने भाजते, आणि सावलीतच वाढणारी रोपं मरतात. ऐन-किंजळ मात्र तोडलेल्या बुंध्यातून पुन्हा फुटतात, म्हणून रान त्यांचंच होतं. चॅम्पियन यांनी अशा झिजलेल्या जंगलांना यादीत वेगळा कप्पा दिला होता, तरी नकाशावर ‘पानझडी’ वाचताना आपण तो हवामानाचाच निकाल समजतो.

घरोघरी गॅस आल्यापासून आमच्याकडची तोड थोडी थांबली आहे. यंदा गडग्याच्या बोडक्या अंगाला, ऐनाच्या बुंध्याशी पाचोळा बाजूला केला तर खाली जांभूळ आणि अंजनीची वीतभर रोपं. बुलबुल आणि वटवाघळं गडगा मानत नाहीत.