खडकवासला: चौपाटीमागचा कॅनॉल

पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर येणारा माणूस सिंहगड रोडने येतो, चौपाटीवर कणीस-भजी खातो, फार तर पुढे गोऱ्हे-खानापूरपर्यंत चक्कर मारतो आणि मे महिन्यात तळ दिसायला लागला की पाऊसच कमी पडला म्हणून मोकळा होतो. पण ही पातळी पावसाइतकीच कॅनॉलच्या रोटेशनवर, म्हणजे शेतीसाठी पाळीपाळीने सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर ठरते. धरण तसं लहान आहे, १.९७ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी). वरची पानशेत, वरसगाव, टेमघर धरून चौघांचं मिळून २९ टीएमसीच्या थोडं वर. म्हणजे खरा साठा वरच्या धरणांत, आणि खडकवासल्याचं मुख्य काम तिथून आलेलं पाणी पुढे सोडायचं.

बांधलं तेव्हा मात्र हेच एकटं होतं. १८७० च्या दशकातलं दगडी काम, पुणे आणि खडकीच्या छावण्यांना पाणी आणि पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्याला शेतीसाठी पाणी असा दुहेरी हेतू, उजवा आणि डावा असे दोन कॅनॉल. तलावाला तेव्हा लेक फाइफ म्हणायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे आपोआप उघडणारे दरवाजे बसले, त्यामुळे भिंत न वाढवता साठा वाढला, आणि ते करणारे इंजिनियर विश्वेश्वरय्या पुढे मैसूरचे दिवाण झाले. १९१६ मध्ये हडपसरला कॅनॉलवर सुरू झालेलं पाण्याच्या प्रयोगांचं केंद्र १९२५ मध्ये इथे धरणाखाली आलं आणि अजून तिथेच आहे.

१२ जुलै १९६१ बद्दल पुणेकरांना वेगळं सांगायला नको. पानशेत फुटलं, काही तासांत खडकवासलाही गेलं. पण पुराच्या आठवणींत एक गोष्ट नेहमी मागे पडते, की त्यानंतर कॅनॉलचा नकाशाच बदलला. उजवा कॅनॉल आधी ११२ किलोमीटर, पाटसच्या बाजूपर्यंत होता, नवा थेट इंदापूरपर्यंत, २०२ किलोमीटरचा झाला. सुमारे ६२ हजार हेक्टरचं सिंचन त्यावर धरलेलं. डावा कॅनॉल मात्र शहराच्या बाजूला बंद पडत गेला, बुजला, आणि कर्वेनगर-एरंडवण्यात आज लोक ज्याला नुसतं कॅनॉल रोड म्हणतात तो त्याचाच माग आहे. जुन्या उजव्या कॅनॉलला आता बेबी कॅनॉल म्हणतात, मुंढव्याहून शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी त्यात सोडून पुढे शेतीला देतात.

खरा वाद आहे तो आत्ताच्या बोगद्याचा. खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत साधारण २८ किलोमीटरचा बोगदा करायचा आणि शहरातून जाणारा उघडा कॅनॉल वापरातून काढायचा. बाजू मांडणारे म्हणतात गळती, बाष्पीभवन आणि चोरी थांबून दोन टीएमसीच्या आसपास पाणी वाचेल, शिवाय धोका जाईल. धोका खराच आहे, २७ सप्टेंबर २०१८ ला दांडेकर पुलाजवळ कॅनॉल फुटला आणि लोकांचे संसार रस्त्यावर वाहून आले, कारण म्हणून उंदीर-घुशींच्या बिळांचं नाव पुढे आलं. पण मला विचाराल तर मुळात भरावाची देखभाल का झाली नाही आणि कॅनॉलच्या अगदी कडेपर्यंत घरं का येऊ दिली, हे प्रश्न त्याहून मोठे आहेत, आणि बोगदा झाला म्हणून त्यांची उत्तरं मिळत नाहीत. दुसरं म्हणजे ज्याला आपण गळती म्हणतो त्यातलं बरंच पाणी शंभर-सव्वाशे वर्षं काठच्या विहिरींना आणि झाडांना मिळत आलंय, ते हिशोबात वाया गेलेलं दिसतं, विहिरीवाल्याला तसं वाटत नाही. आणि वाचलेलं पाणी नक्की कुणाचं? दौंड-इंदापूरचा शेतकरी म्हणतो आमचं, कारण कॅनॉल आमच्या शेतीसाठी ताणला होता. शहर म्हणतं लोकसंख्या बघा. दर उन्हाळ्यात रोटेशनच्या बैठकीत हीच ओढाताण असते आणि बोगद्याने ती मिटेल असं मला अजिबात वाटत नाही, उलट वाटपासाठी दोन टीएमसी जास्त असल्याचं दोघंही धरून बसतील. मोकळ्या होणाऱ्या जागेवर रस्ता झाला तर शहरातला एवढा लांब सावलीचा पट्टा गेला, हे वेगळंच.

तलावाचं आजचं रूप या सगळ्यापेक्षा दुसऱ्याच एका निर्णयाने टिकलं. १९४९ मध्ये पश्चिम-उत्तरेच्या काठावर तिन्ही दलांच्या कॅडेट्सच्या अकादमीची (एनडीए) पायाभरणी झाली आणि त्या बाजूची टेकडी, जंगल, किनारा सामान्य लोकांना बंद झाला. पीकॉक बे नावाच्या खाडीसारख्या भागात कॅडेट्स शिडाच्या बोटी चालवायला शिकतात, पाण्यात पांढरी शिडं दिसतात ती तिथली. नावाप्रमाणे मोरही आहेत. चौपाटीच्या बाजूला हॉटेलं आणि गाड्या, समोर झाडी, एवढा फरक फक्त त्या बंदीमुळे.

पक्षी बघायचे असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी लवकर, चौपाटी सोडून पुढच्या बॅकवॉटरला. चक्रवाक, वारकरी, धोबी, बगळे दिसतात, आणि रोटेशन सुटून पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या चिखलावर जास्त दिसतात. पाण्यात मात्र उतरू नका. तळाला गाळ आहे, खोली एकदम बदलते आणि बंदीचे बोर्ड असूनही दरवर्षी माणसं बुडतात. बोटिंग, वॉटर स्पोर्ट्स करायचे तर पानशेतच्या बाजूला सोय आहे.