मायक्रोकंट्रोलरची अंतर्गत फ्लॅश : पुसणं आणि वाचणं

अंतर्गत फ्लॅश म्हणजे मायक्रोकंट्रोलरच्या (एका चिपवरच्या छोट्या संगणकाच्या) चिपमध्येच असलेली, पॉवर गेली तरी डेटा टिकवणारी मेमरी. प्रोग्राम हिच्यातच राहतो, सेटिंग्ज आणि कॅलिब्रेशनचे आकडेही बरेच जण इथेच ठेवतात. पुसल्यावर सहसा सगळे बिट १ होतात (एसटीएम३२एल१ या चिपमध्ये मात्र ० वाचले जातात), लिहिताना सहसा १ चा ० करता येतो पण ० चा १ करायचा तर आख्खं पेज, म्हणजे एकदम पुसला जाणारा मेमरीचा तुकडा, पुसावं लागतं.

उगमाबद्दल दोन मतं दिसतात. फ्लोटिंग गेटची (चार्ज अडकवून बिट साठवणाऱ्या, फ्लॅशच्या मुळाशी असलेल्या रचनेची) कल्पना बेल लॅब्जमधल्या डॉन कांग आणि सायमन झी यांची, १९६७ ची. फ्लॅशचं श्रेय काही जण इंटेलला देतात कारण १९८८ च्या सुमारास नॉर फ्लॅश (फ्लॅशचा एक प्रकार) बाजारात त्यांनी आणली, पण तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्येच ती परिषदेत मांडली होती, तेव्हा शोधाचा मान त्यांच्याकडेच जायला हवा. फ्लॅशवाला पहिला मायक्रोकंट्रोलर म्हणून साधारण १९९३ चा ॲटमेल कंपनीचा ८०५१ जातीचा मायक्रोकंट्रोलर सांगतात. त्याच सुमाराच्या पीआयसी१६सी८४ या मायक्रोकंट्रोलरचं नावही घेतलं जातं, मात्र त्याची प्रोग्राम मेमरी ईईप्रॉम (विजेने पुसता येणारी, फ्लॅशच्या आधीची मेमरी) होती, त्यामुळे ॲटमेलचाच दावा जास्त पटतो. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये ओळखीचा असलेला एटी८९सी५१ याच घराण्यातला, ४ केबी फ्लॅशचा.

पुसण्याची नेमकी रीत चिपगणिक बदलते. एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलरचं बघायचं तर रीसेटनंतर फ्लॅश लॉक असते, ‘की’ नावाच्या रजिस्टरमध्ये (चिपमधल्या नियंत्रणाच्या जागेत) आधी हेक्स (सोळाच्या पायातला आकडा) ४५६७०१२३ आणि मग सीडीईएफ८९एबी लिहायचं, क्रम चुकला तर पुढच्या रीसेटपर्यंत कुलूप निघतच नाही. मग बिझी बिट (काम चालू असल्याची खूण) उतरलाय ना बघायचं, पेज इरेजचा बिट लावायचा, पत्ता द्यायचा, स्टार्टचा बिट लावायचा आणि बिझी परत उतरेपर्यंत थांबायचं. १२८ केबीपर्यंतच्या चिपमध्ये पेज १ केबीचं, मोठ्यांत २ केबीचं, आणि एक पेज पुसायला २० ते ४० मिलिसेकंद जातात. एवढ्या वेळात फ्लॅशमधून काहीच वाचता येत नाही, कोड तिथूनच चालत असेल तर सीपीयू अडकून बसतो, इंटरप्ट (चालू काम थांबवून तातडीचं काम करायला लावणारे संकेत) सुद्धा ताटकळतात. सिरियल पोर्टवर ११५२०० बॉडने (सेकंदाला तितके बिट) एक बाइट साधारण ८७ मायक्रोसेकंदांत येतो, म्हणजे २० मिलिसेकंदांत दोनशेच्या वर बाइट येऊन जातात आणि डीएमए (सीपीयूशिवाय डेटा थेट रॅममध्ये नेणारी सोय) नसेल तर जवळजवळ सगळे हरवतात. म्हणून पुसण्याचं फंक्शन, इंटरप्टचा कोड आणि व्हेक्टर टेबल (कुठल्या इंटरप्टला कुठला कोड याची यादी) रॅममध्ये ठेवणं बरं, पण या एफ१०३ मध्ये डीएमए लावणं जास्त सोपं पडतं.

वाचायला असलं काही लागत नाही, पॉइंटर (पत्ता साठवणारा व्हेरिएबल) घेतला की झालं, एफ१०३ मध्ये सुरुवात हेक्स ०८०००००० पासून. घड्याळ २४ मेगाहर्ट्झच्या वर नेलं की एक वेट स्टेट (वाचताना घड्याळाचा एक ठोका जास्त थांबणं) लागते, ४८ च्या वर दोन. एव्हीआर घराण्यातल्या बऱ्याच मायक्रोकंट्रोलरमध्ये प्रोग्राम मेमरीचे पत्ते वेगळे असल्याने साधा पॉइंटर चालत नाही, एलपीएम (प्रोग्राम मेमरीतून वाचण्याची) इन्स्ट्रक्शन वापरावी लागते.

एक गोष्ट सांगायलाच हवी, पेज सगळं एफएफ (म्हणजे सगळे बिट १) वाचलं गेलं म्हणजे ते नीट पुसलंय असं धरून चालू नये. पुसताना मध्येच पॉवर गेली तर सेल अर्धवट पुसलेले राहतात, आत्ता १ वाचले जातात आणि तापमान किंवा व्होल्टेज बदललं की ० वाचले जाऊ शकतात. म्हणून पुसणं पूर्ण झाल्याची खूण वेगळी लिहावी, आणि सुरू होताना ती नसेल तर पेज पुन्हा पुसावं.

एफ१०३ च्या पेजची हमी १०,००० वेळा पुसण्याची आहे, दर मिनिटाला एकच पेज पुसून सेटिंग लिहिली तर ती सात दिवसांत संपते. त्यामुळे नोंदी एकापुढे एक लिहीत जायचं आणि पेज भरलं की शेवटची नोंद दुसऱ्या पेजवर नेऊन मगच पहिलं पुसायचं.