मनिलाचे प्रेमपट

फिलिपीन्सच्या राजधानीत घडणारे, बहुतांशी तागालोग भाषेतले प्रेमकथापट. १६ शहरे आणि एक नगरपालिका मिळून झालेल्या ‘मेट्रो मनिला’ची वस्ती २०२०च्या जनगणनेत सुमारे १ कोटी ३५ लाख भरली. या चित्रपटांत नायक-नायिकेची गाठ हे शहरच घालून देते आणि बहुतेकदा ताटातूटही तेच करते. जीपनी या तिथल्या जीपवजा सार्वजनिक वाहनाचेच पाहा. दोन लांब बाकांवर प्रवासी गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसतात आणि भाड्याची नाणी ‘बायाद पो’ (‘हे भाडे घ्या’) म्हणत हातोहात चालकापर्यंत पोचवतात. दोन अनोळखी बोटांचा पहिला स्पर्श दाखवायला दिग्दर्शकाला याहून सोयीची जागा कुठली मिळणार?

परंपरेची सुरुवात होसे नेपोमुसेनो यांच्या ‘दालागांग बुकिद’पासून (१९१९) धरतात. फिलिपिनो माणसाने काढलेला हा पहिला कथापट. त्यातली फुलविक्या मुलगी शिकणाऱ्या तरुणावर जीव लावून असते, तर आईबाप तिला पैसेवाल्या म्हाताऱ्या सावकाराच्या गळ्यात बांधू पाहतात. मराठी वाचकाला इथे देवलांची ‘शारदा’ आठवणारच. मूळ कृती तिथेही संगीत नाटकच होती, ‘सारसुएला’ नावाच्या प्रकारातली. चित्रपट मूक, म्हणून नायिका आतांग दे ला रामा चित्रपटगृहात प्रत्यक्ष हजर राहून गात असे. आज त्याची एकही प्रत उरलेली नाही.

पुढे सांपागिता (१९३७) आणि एलव्हीएन (१९३८) या स्टुडिओंनी ‘लव्ह टीम’ची पद्धत रुजवली. ठरलेली जोडी, तीच पुन्हापुन्हा. कार्मेन रोसालेस आणि रोहेलिओ दे ला रोसा ही त्यातली गाजलेली जोडी. रोहेलिओ पुढे १९५७मध्ये सिनेटवर निवडून गेले. १९७०च्या सुमारास नोरा औनोर आणि तिर्सो क्रूझ तिसरे या जोडीचे वेड इतके होते, की तिर्सोने नोराला दिलेल्या मारिया लिओनोरा तेरेसा नावाच्या बाहुलीला चाहते त्यांची लेकच मानत. जोडी पाहताना अंगावर जो गोड शहारा येतो त्याला ‘किलिग’ म्हणतात. त्याच्या उलट ‘हुगोत’: आतून उपसून काढलेले, जिव्हारी लागणारे वाक्य. पटकथा चांगली की वाईट, हे प्रेक्षक बरेचदा या दोन शब्दांतच सांगून मोकळे होतात.

या गोडव्याला सणसणीत उत्तर दिले लिनो ब्रोका यांच्या ‘मायनिला, सा मगा कुको नग लिवानाग’ने (१९७५). नावाचा अर्थ ‘मनिला, प्रकाशाच्या नख्यांत’. मूळ कादंबरी एदगार्दो रेयेस यांची, छायाचित्रण माइक दे लिओन यांचे. मारिंदुके बेटावरचा कोळी हुलिओ हा लिगाया पाराइसो या मैत्रिणीला शोधत मनिलात येतो. शहरात काम देते असे सांगून एका बाईने तिला नेलेले असते. लिगाया म्हणजे आनंद, पाराइसो म्हणजे स्वर्ग, आणि तिला कोंडून ठेवलेले असते चिनी वस्तीतल्या एका घरात. हुलिओ बांधकामावर मजुरी करतो. तिथे सही घेतात जास्त रकमेवर आणि हातावर ठेवतात कमी. सुरुवातीची काही दृश्ये कृष्णधवल आहेत. मग रंग येतो आणि त्या घराच्या खिडकीकडे टक लावून उभा असलेला हुलिओ दिसतो. शेवटी जमाव त्याला बोळात घेरतो आणि त्याच्या चेहऱ्यावर चित्र थिजते. शहरावरचा इतका निर्दय प्रेमपट आशियात क्वचितच झाला असेल. २०१३मध्ये त्याची डागडुजी केलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली.

विवाहबाह्य संबंधांचे चित्रपट इथे एवढे का, याचे एक कारण कायद्यात सापडते. मुस्लिम समाज वगळता देशात घटस्फोटाची सोय नाही. इश्माएल बेर्नाल यांच्या ‘रेलास्योन’मध्ये (१९८२) विवाहित पुरुषाबरोबर राहणारी स्त्री संसाराचे सगळे ओझे वाहते, हक्क मात्र एकही नाही. विल्मा सांतोसने ही भूमिका जराही आक्रस्ताळेपणा न करता केली आहे.

२००७च्या ‘वन मोअर चान्स’ने कथा मध्यमवर्गात आणली. नायक पोपॉय इंजिनिअर, नायिका बाशा वास्तुविशारद. पाच वर्षांचे प्रेम मोडते ते सावकारामुळे नव्हे. तिला श्वास घ्यायला जागा हवी असते म्हणून. २०१५च्या उत्तरभागात दोघे नवराबायको आहेत आणि बांधकामाचा धंदा कर्जात बुडतो आहे.

अलीकडे मात्र विरहाचे मुख्य निमित्त म्हणजे परदेशातली नोकरी. ‘नेव्हर नॉट लव्ह यू’मधले (२०१८) जोडपे मनिला सोडून लंडनला जाते. ‘हॅलो, लव्ह, गुडबाय’ची (२०१९) नायिका हाँगकाँगमध्ये घरकाम करते आणि तिची नजर कॅनडाकडे असते. २०२४चा पुढचा भाग कॅनडातच घडतो. एक अब्ज पेसोंच्या वर गल्ला जमवणारा तो पहिला फिलिपिनो चित्रपट ठरला.