माळ्यावर झिजणारे बूट

माहुली किल्ल्याची चढण सुरू होऊन तासही झाला नव्हता, तेवढ्यात मेहुण्याच्या उजव्या बुटाचा तळ टाचेकडून सुटला. थोड्या वेळाने डावाही गेला. दोन्ही बूट नाडीने आवळून आम्ही कसेबसे आसनगाव स्टेशन गाठलं. बूट जेमतेम चार वेळा घातलेले. चामडं चकचकीत, रबराची नक्षी अजून टोकदार. गोंद निकृष्ट असणार, असं त्याचं म्हणणं. पण सुटलेल्या तळावरचा पांढरट थर मी चिमटीत धरला, तर त्याचा शिळ्या केकसारखा भुगा झाला. गोंद शाबूत होता, त्याने धरून ठेवायचा थरच उरला नव्हता. हे बूट ठाण्यातल्या घरी पाच वर्षं माळ्यावर, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेले होते. जपून ठेवले होते म्हणूनच ते गेले.

ट्रेकिंगच्या बुटात खालचं रबर आणि वरचं चामडं यांच्यामध्ये धक्के झेलणारा फेसासारखा थर असतो, त्याला मिडसोल म्हणतात. अनेक दणकट बुटांत तो पॉलियुरेथेनचा असतो. जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये शोधलेलं हे रसायन म्हणजे रेणूंच्या लांबलचक साखळ्या. काही प्रकारांत या साखळ्यांच्या कड्या एस्टर बंधांनी जोडलेल्या असतात, आणि पाण्याचा रेणू नेमका तिथेच घाव घालतो. बंध तुटला की एका टोकाला आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढच्या बंधांची मोडतोड आणखी वेगाने घडवतं. याला जलापघटन म्हणतात. साखळ्या आखूड होत जातात, लवचीकपणा जातो, शेवटी भुगा उरतो.

यासाठी पावसात भिजायची गरज नसते, हवेतली वाफ पुरते. पावसाळ्यात आपल्याकडे हवेची आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. त्यात स्लॅबखालच्या माळ्यावरची मे महिन्यातली उष्णता. तापमान १० अंशांनी वाढलं की बऱ्याच रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. पिशवीत बांधलेल्या बुटातला ओलावा बाहेर पडू शकत नाही, आणि क्रिया वर्षभर शांतपणे चालू राहते. ईव्हीए नावाच्या फेसाला हा आजार होत नाही. तो दाबून दाबून लवकर बसतो, पण भुगा होत नाही. आपल्या हवेत क्वचित वापरायचे बूट घ्यायचे असतील, तर मी ईव्हीएचेच घेईन.

चामड्याचं दुखणं वेगळं. चामडं म्हणजे कोलॅजेनच्या तंतूंची गुंतलेली जाळी, आणि तंतूंमधलं तेल त्यांना एकमेकांवर घसरू देतं. ओलं चामडं गॅसजवळ किंवा हेअर ड्रायरखाली धरलं, तर ते आक्रसतं, कडक होतं आणि घडीवर चिरतं. म्हणून घरी आल्याबरोबर आधी चिखल धुवायचा, कारण शिवणीत बसलेली बारीक रेती पावलागणिक दोरा कापत असते. मग सुकतळा आणि नाड्या काढायच्या, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि बूट पंख्याखाली आडवे ठेवायचे. बोळे दोन-तीन तासांनी बदलायला हवेत. एकदा ओला झालेला कागद पुढे काही शोषत नाही, उलट ओल धरून बसतो.

घरोघरी चालणारा खोबरेल तेलाचा उपाय मात्र बेताने करावा. भरपूर चोपडलं तर चामडं ढिलं पडतं आणि बुरशीला आयतं खाद्य मिळतं. मेणाचं पातळ पॉलिश बरं. कपडे धुण्याची पावडर तर नकोच. तिचा अंश कापडात राहिला, की पाणी थेंब होऊन ओघळण्याऐवजी आत मुरतं.

जलरोधक पडद्याच्या बुटांबद्दल एक सांगायला हवं. त्या पडद्यातून घामाची वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातल्या फरकामुळे. हिमालयातल्या कोरड्या थंडीत हा फरक मोठा असतो. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात जुलैमध्ये तो निम्म्याहूनही कमी होतो. दोन्ही पायांत मिळून सुमारे अडीच लाख घर्मग्रंथी आहेत, त्यामुळे पाऊस आत आला नाही तरी बूट आतून ओले होतातच. महागड्या बुटांनाही घरी आल्यावर वाळवावंच लागतं.

ठेवताना बूट उघड्या मांडणीवर, जमिनीपासून वर, वारा लागेल असे ठेवावेत. सिलिका जेलची इवलीशी पुडी उघड्या हवेत काही तासांत ओलावा पिऊन तृप्त होते, तिच्यावर विसंबू नये.

मेअखेरीस मिडसोल अंगठ्याने दाबून पाहावा. बारीक तडे दिसले, किंवा दाबल्यावर तो चिकट लागला, तर ते बूट डोंगरावर न्यायचे नाहीत. शंका असेल तर उपवनच्या तळ्याभोवती तासभर चालून बघावं, तिथून रिक्षाने घरी येता येतं.

मेहुण्याच्या बुटांचं चामडं ठणठणीत होतं. स्टेशनजवळच्या मोचीकाकांनी जुना भुगा खरवडून काढला आणि ईव्हीएचा नवा तळ चिकटवून कडेने शिवून दिला. ते बूट आता त्याच्या घरी दारामागच्या जाळीच्या मांडणीवर असतात, आणि दर पंधरवड्याला तो ते घालून भाजी आणायला जातो.