आयोडीन सांगतं, तुकडा कुठून घ्यायचा

अमळनेर-पारोळ्याकडे बायोप्सीचं, म्हणजे तपासायला छोटा तुकडा काढण्याचं, नाव निघालं की घरातलं मोठं माणूस म्हणतंच, "चाकू लागना का कॅन्सर पसरस." या एका वाक्यापायी कितीतरी बाया दुखणं अंगावर काढतात. त्यात तपासणी योनीमार्गाची असली, तर विषय घरात निघतच नाही. म्हणून स्पष्टच लिहिते.

योनीमार्गाच्या अस्तराचा दोन-चार मिलिमीटरचा तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही. आणि बायोप्सी सांगितली म्हणजे कॅन्सर झाला, असंही नाही. जुनी सूज, चामखीळ, पाळी गेल्यावर पातळ झालेलं अस्तर, पिशवी काढल्यावर टाक्यांपाशी वाढलेलं मांस, यांतलं काहीही निघू शकतं. योनीमार्गातच सुरू झालेला कॅन्सर तर दुर्मीळ. स्त्रियांच्या जननेंद्रियांच्या कॅन्सरमध्ये तो १ ते २ टक्केच.

स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडा धरणारं साधन, लावून डॉक्टर कोल्पोस्कोपमधून पाहतात. १९२५ साली जर्मनीत तयार झालेली ही दुर्बीण शरीराबाहेरच राहते. आधी सौम्य ॲसिटिक आम्ल लावतात, थोडं चुणचुणतं. मग येतं आयोडीन, आणि इथली करामत मला फार आवडते.

रावेर-यावलकडचं कच्चं केळं कापून त्यावर आयोडीनचा थेंब टाका, फोड निळी-काळी होते. पिकल्या केळ्यावर रंग जेमतेम चढतो, कारण स्टार्चची साखर झालेली असते. निरोगी योनीच्या अस्तरात स्टार्चचाच भाऊबंद असतो, ग्लायकोजेन. दोन्ही ग्लुकोजच्या साखळ्याच. स्टार्चमधल्या अमायलोजची लांब साखळी मळसूत्रासारखी वळते, आयोडीनचे रेणू त्या पोकळीत रांगेने बसतात आणि निळा रंग येतो. ग्लायकोजेनला मात्र दर ८ ते १२ ग्लुकोजनंतर फांदी फुटते. वळसे आखूड, आयोडीनची रांगही आखूड, म्हणून रंग तांबूस-तपकिरी. ग्लायकोजेनचा हा साठा इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या प्रभावाखाली पक्व होणाऱ्या पेशींत होतो. भराभर विभागणाऱ्या बिघडलेल्या पेशी पक्व होतच नाहीत, त्यांच्यात ग्लायकोजेन नसतं, आणि तेवढा डाग पिवळा राहतो. पाळी गेलेल्या बाईचं किंवा सुजलेलं अस्तरही रंग कमी धरतं, म्हणून पिवळा डाग हा निकाल नव्हे. तुकडा कुठून घ्यायचा, एवढंच तो दाखवतो. व्हिएन्नाच्या वॉल्टर शिलर यांची ही चाचणी आजही चालते. आयोडीनची ॲलर्जी असेल, दिवस गेले असतील किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर आधीच सांगावं.

योनीच्या वरच्या भागात वेदनेच्या नसा फार कमी असतात. तिथे अनेकदा भूल न देताही चिमट्याएवढंच जाणवतं. खालचा भाग हळवा, तिथे भुलीचं इंजेक्शन देतात, आणि तुकड्यापेक्षा ती सुईच जास्त टोचते. रक्त थांबवायला मॉन्सेलचं द्रावण लावतात. ते लोहाचं असल्यामुळे दोन-तीन दिवस काळपट, कॉफीच्या चोथ्यासारखं जातं. हे पाहून घाबरलेल्या बाईला कुणी "घाण बाहेर पडतेय" म्हणून जडीबुटी आत ठेवायला दिली, तर ती मुळीच ठेवू नये. ओल्या जखमेत जंतू जायची ती सोपी वाट आहे. सांगितलेले दिवस संबंध टाळावेत, आत काही घालू नये. ताप आला, दुर्गंधी सुटली किंवा पाळीपेक्षा जास्त रक्त गेलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

तुकडा सडू नये म्हणून फॉर्मेलिन या द्रावणात घालून लॅबला जातो. तिथे तो मेणात बसवून ४-५ मायक्रॉन जाडीचे काप घेतात आणि रंगवतात. रिपोर्टला साधारण आठवडा-दोन आठवडे लागतात. त्यात "व्हेन" (VaIN, म्हणजे योनीच्या अस्तरातल्या पेशींचा बिघाड) आणि पुढे १, २ किंवा ३ असं लिहिलं असेल, तर तो कॅन्सर नव्हे, त्याआधीची पायरी आहे. १ बऱ्याचदा आपोआप बरी होते, २ आणि ३ ला उपचार लागतात. नाशिकला किंवा मुंबईला दुसरं मत घ्यायचं ठरलं, तर मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड लॅबकडून मागून घ्याव्यात. सहसा तेवढ्यावर काम भागतं, पुन्हा तुकडा काढावा लागत नाही.