एकदा आत गेलेला परत जातोच?

परवा शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात भाजी-पाव खायला बसलो होतो, शेजारच्या टेबलावर विषय चाललेला की कोणीतरी कोलवाळच्या जेलमधून सुटून आलाय आणि खोली शोधतोय, द्यायची की नाही. एक काका ठामपणे म्हणाले, "नको रे बाबा, एकदा आत गेलेला परत जातोच."

चूक एकट्या काकांची नाही, आकडेवाले पण इथे फसतात. समजा 100 माणसं आहेत, 90 जण आयुष्यात एकदाच आत गेले आणि 10 जण प्रत्येकी 6 वेळा. आता जेलच्या गेटवर वही घेऊन बसा आणि सुटणाऱ्या प्रत्येकाची नोंद करा. एकदावाल्यांच्या 90 नोंदी, त्या दहा जणांच्या 60, एकूण 150. त्या 60 मधल्या 50 सुटकांनंतर माणूस परत आत आलाय (शेवटची सुटका सोडून), म्हणजे 150 ला 50, वही सांगते तिसरा हिस्सा परत येतो! आणि माणसं मोजली तर 100 त 10. वही खोटी नाही, पण तिने सुटका मोजल्या, माणसं नाही. शिक्षा सगळ्यांची सारखी धरली तर कुठल्याही दिवशी आत डोकावलात की 40 टक्के चेहरे त्याच दहा जणांचे, म्हणून पोलिसांना, वकिलांना पण तसंच वाटतं. जो परत गेलाच नाही तो कुठेतरी दुकान टाकून बसलाय, तो कशाला सांगायला येतोय.

अमेरिकेत संशोधक रोड्स आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये हा हिशोब माणसं धरून केला, तर तिघांतले साधारण दोघं परत तुरुंगात आलेच नाहीत.

काळाचा पण भाग आहे. न्यूयॉर्कमध्ये 1980 साली 18 व्या वर्षी जबरी चोरीत पहिल्यांदा पकडलेली मुलं ब्लमस्टीन-नाकामुरा या संशोधकांनी तपासली, परत अटक न होता 7.7 वर्षं गेली की त्यांचा धोका त्याच वयाच्या सर्वसाधारण माणसाइतका होतो, घरफोडीला तर 3.8 च वर्षं. सुरुवातीला धोका जास्त असतो हे खरं, तेवढ्यापुरते काका बरोबर.

पण नेमकं तेव्हाच काम आणि खोली लागते ना. समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी अमेरिकेतल्या मिलवॉकीत सारख्याच पात्रतेची मुलं नोकरी मागायला पाठवली, गोऱ्यांत गुन्ह्याचं रेकॉर्ड नसलेल्यांना 34 टक्के ठिकाणांहून बोलावणं आलं, रेकॉर्ड सांगितल्यावर 17, काळ्यांत 14 वरून 5.

आणि आपल्याकडे आत असलेला म्हणजे गुन्हेगारच असं पण नाही, 2022 अखेर देशातले 75.8 टक्के कैदी कच्चे होते, खटला चालूच. पत्रिकेतला बंधनयोग (म्हणजे जेलचा योग) काढणाऱ्यांना हे कोण सांगणार! इटलीच्या लोम्ब्रोसो नावाच्या डॉक्टरने 1876 मध्ये कवटीवरून गुन्हेगार ओळखायचा दावा केला, तेच खूळ आता एआयचा शर्ट घालून परत येतं.

त्या माणसाला शेवटी थिवीला खोली मिळाली असं कळलं, डिपॉझिट मात्र दुप्पट.