आजोळच्या वाटेने येणारं जनुक

माझ्या मुलाला तारवटी, म्हणजे जहाजावरचा खलाशी, व्हायचं होतं. बारावी झाल्यावर त्याने अर्ज केला, वैद्यकीय तपासणीला गेला आणि तिथे डॉक्टरांनी त्याच्यापुढे रंगीत ठिपक्यांची वही धरली. शिनोबु इशिहारा या जपानी नेत्रतज्ज्ञाने १९१७ साली प्रसिद्ध केलेली ही चाचणी. इतरांना त्या ठिपक्यांत आकडा दिसतो, त्याला नुसते ठिपकेच दिसले. जहाजाच्या डाव्या बाजूला तांबडा दिवा असतो, उजव्या बाजूला हिरवा. काळोखात समोरचं जहाज कुठे चाललंय ते या दोन दिव्यांवरून ओळखायचं असतं. तांबडं आणि हिरवं वेगळं काढता येत नसेल, तर डेकवरच्या नोकरीचं दार बंद.

घरी सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घराण्यात असं कुणाला नाही हां." त्यांचं म्हणणं पूर्ण खरं होतं. पण त्यांच्या घराण्यात शोधून उपयोगच नव्हता. मी फोंड्याला उच्च माध्यमिकात जीवशास्त्र शिकवते. दरवर्षी फळ्यावर हा धडा काढते, तरी त्या दिवशी मामाची भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, आठवायला मला रात्र उजाडावी लागली.

माझा मामा भिरंडं काढायला कुणाला बरोबर घेतल्याशिवाय कधी गेला नाही. एप्रिल-मे महिन्यात झाड पिकलेल्या भिरंडांनी लालभडक झालेलं असायचं आणि मामा झाडाखाली उभा राहून विचारायचा, "खंय आसा?" आम्हा पोरांना वाटायचं, तो आमची गंमत करतोय. खरं तर हिरव्या पानांत त्याला लाल फळ वेगळं दिसतच नव्हतं. कच्चं की पिकलं ते तो हाताने चेपून ओळखायचा.

आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. बाईच्या तेविसाव्या जोडीत दोन एक्स, पुरुषाच्या जोडीत एक एक्स आणि एक वाय. एक्सवर आठशेहून अधिक जनुकं आहेत, वाय त्यामानाने अगदी किरकोळ. बाईच्या एका एक्सवरचं जनुक बिघडलं तर दुसऱ्या एक्सवरची चांगली प्रत बरंचसं सांभाळून घेते. पुरुषाकडे दुसरी प्रत नाही. तांबडा आणि हिरवा रंग ओळखणाऱ्या प्रथिनांची जनुकं एक्सवरच शेजारीशेजारी बसलेली आहेत आणि एकमेकींसारखी इतकी आहेत, की अंडपेशी तयार होताना त्यांची सहज सरमिसळ होते. म्हणून रंगांधळेपण पुरुषांत जास्त. युरोपीय वंशाच्या शंभर पुरुषांत आठांच्या आसपास, बायकांत दोनशेत एखादी.

मुलगा बापाकडून वाय घेतो, म्हणून तो मुलगा होतो. याचा अर्थ, त्याचा एक्स आईकडूनच आलेला असतो. बापाचा एक्स मुलाकडे कधीच जात नाही, तो प्रत्येक मुलीकडे जातो. आता गोव्यातल्या देवस्थानांच्या महाजनांची, म्हणजे देवळावर वंशपरंपरेने हक्क असलेल्या घराण्यांची, नोंदवही डोळ्यांपुढे आणा. परंपरेने हा हक्क बापाकडून मुलाकडे, त्याच्याकडून नातवाकडे. गावकारीचंही, म्हणजे गावातल्या वंशपरंपरागत हक्काचंही, तेच. ही वाट हुबेहूब वाय गुणसूत्राची आहे. एक्स जिथून चालतो त्या वाटेवर नोंदवही नाही. तिथे लग्न होऊन गेलेल्या मुली आहेत, ज्यांचं आडनाव बदललं आणि आपल्याकडे पुष्कळदा पाळण्यातलं नावही. माहेरची शेवंती सासरी लक्ष्मी झाली, की दोन पिढ्यांनी तिला शोधायचं कुणी? एक्सवरून येणाऱ्या आजारांचा माग हरवतो तो इथे.

मला या वाटेतली एक गोष्ट फार आवडते. पुरुषाला एक्स देऊ शकणारे पूर्वज मोजत मागे जा. आई, म्हणजे एक. मग आईचे आईबाप, दोन. त्यामागच्या पिढीत तीन, मग पाच, मग आठ. पाचव्या पिढीत पूर्वज बत्तीस, पण एक्सच्या वाटेवर त्यांतले आठच, कारण या वाटेवर बाप आणि मुलगा असे दोन पुरुष लागोपाठ येऊच शकत नाहीत. एक, दोन, तीन, पाच, आठ हे आकडे विरहांकाने आणि पुढे बाराव्या शतकात हेमचंद्राने छंदशास्त्रात मांडले होते. लघू एक मात्रेचा, गुरू दोन मात्रांचा. मग चार मात्रांची ओळ किती तऱ्हांनी भरेल? पाच. पाच मात्रांची? आठ. मात्रावृत्तात बसवलेली आरती म्हणणाऱ्या माणसाच्या अंगातही तेच गणित चालू आहे, हे वर्गात सांगताना अजून माझ्या अंगावर काटा येतो.

रंगांधळेपणाने मामाचं काही अडलं नाही. हिमोफिलियाचं तसं नाही, त्याचंही जनुक एक्सवरच. त्यात रक्त गोठवणारा आठवा घटक कमी असतो किंवा नववा. पहिला प्रकार सुमारे पाच हजार मुलग्यांमागे एकाला होतो, दुसरा त्याहून बराच विरळ. मूल रांगायला लागलं की गुडघ्यांवर निळे डाग दिसतात, दात काढला की रक्त थांबत नाही, पडल्याझडल्याशिवाय सांधा सुजतो. वारंवार सांध्यात रक्त उतरलं तर सांधा कायमचा आखडतो, म्हणून वेळेवर ओळखणं मोलाचं. अशा मुलाला ॲस्पिरिन देऊ नये. आई वाहक असेल, म्हणजे तिच्या एका एक्सवर बिघडलेलं जनुक असेल, तर प्रत्येक मुलग्याला आजाराची शक्यता निम्मी आणि प्रत्येक मुलीला वाहक होण्याची शक्यता निम्मी. दर खेपेला हे नाणं नव्याने उडतं. "पहिल्या दोघांना झालं, आता तिसरा सुटेल" या भरवशावर राहिलेल्या आया मी पाहिल्या आहेत. त्यांना हे कुणी नीट समजावूनच सांगितलेलं नव्हतं.

आणि त्या आयांना काय काय ऐकावं लागतं! "तुझ्याकडून आलं" असं म्हणणाऱ्यांसाठी जे. बी. एस. हाल्डेन यांचं काम सांगते. हे ब्रिटिश शास्त्रज्ञ १९५७ साली भारतात आले आणि भारताचे नागरिक झाले. १९३५ साली त्यांनी हिमोफिलियावरून हिशेब मांडला. पूर्वी या आजाराचे बरेच मुलगे मोठे होण्याआधीच दगावत, म्हणजे दर पिढीत बिघडलेली जनुकं कमी व्हायला हवीत. तरी आजार तेवढाच राहतो, म्हणजे नवे बिघाड होत असले पाहिजेत. आज माहीत आहे, की सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या कुटुंबात आधी कुणालाच हिमोफिलिया नसतो. पेशी विभागताना झालेली ती चूक. त्यात आईने काय करायचं होतं?

वाहक बाईला स्वतःला काही होत नाही, ही समजूतही अर्धवट आहे. मासळी बाजारात हिंडणाऱ्या तिरंगी मांजरीकडे पाहा. काळे आणि नारिंगी ठिपके एकाच अंगावर असलेली मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, कारण नारिंगी रंगाचं जनुक एक्सवर आहे आणि मादीच्या प्रत्येक पेशीत दोनांपैकी एकच एक्स जागा असतो. कुठे हा, कुठे तो. मेरी लायन या ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ बाईंनी हे १९६१ साली मांडलं. बाईच्या शरीरातही असेच ठिपके असतात, फक्त ते डोळ्यांना दिसत नाहीत. ज्या वाहकाच्या जास्त पेशींत बिघडलेला एक्स जागा राहिला, तिच्या रक्तातही तो घटक कमी पडू शकतो. पाळी अंगावर जाते, बाळंतपणानंतर रक्त थांबत नाही, आणि घरातल्या बायका "आमचंही तसंच होतं" म्हणून सोडून देतात. भाऊ किंवा मुलगा हिमोफिलियाचा असेल तर त्या बाईने बाळंतपणाआधी आपला घटक तपासून घ्यावा.

जी६पीडीचा दोष तर आपल्या फार जवळचा. तांबड्या रक्तपेशींना सांभाळणारं हे एन्झाइम, त्याचंही जनुक एक्सवर. जगात सुमारे चाळीस कोटी लोकांत ते कमी आहे आणि बहुतेकांना पत्ताही नसतो. हा दोष गंभीर मलेरियापासून थोडं रक्षण करतो, म्हणून मलेरियाच्या मुलखांत टिकून राहिला. पणजी-कळंगुटच्या पट्ट्यात इमारतींची कामं वाढली आणि साचलेल्या पाण्याबरोबर मलेरिया आला, ते दिवस आमच्या पिढीला आठवतात. त्यातल्या व्हायव्हॅक्स मलेरियावर चौदा दिवस दिलं जाणारं प्रायमाक्विन हे औषध जी६पीडी कमी असलेल्यांच्या रक्तपेशी फोडू शकतं. डांबरगोळ्याही तेच करतात. आजीच्या मऊ लुगड्याची दुपटी डांबरगोळ्यांच्या पेटीतून काढून थेट नवजात बाळाला गुंडाळू नका. जी६पीडी कमी असलेल्या बाळाला त्यातून जबर कावीळ होऊ शकते.

मामाच्या मुलीशी लग्न करावं का, हे मुलं वर्गात हमखास विचारतात. मामाला स्वतःला हिमोफिलिया असेल तर त्याची प्रत्येक मुलगी वाहक असणारच, आणि तिच्या मुलग्यांना निम्मी शक्यता, नवरा कुणीही असला तरी. भाच्यालाही तोच आजार असेल तर त्यांच्या मुलीही आजारी होऊ शकतात. मामा निरोगी असेल तर त्याच्या एक्समधून हा आजार येत नाही. नात्यातल्या लग्नातले इतर धोके वेगळे, त्यांची वाट दुसऱ्या गुणसूत्रांवरून जाते. लिंगनिदान कायद्याने बंद आहे, पण एक्सशी जोडलेल्या आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात गर्भाची तपासणी करायला १९९४ चा तोच कायदा मुभा देतो. जोडप्यांनी ही चौकशी दिवस राहण्याआधी करावी.

गेल्या चवथीला मी मावशीपुढे कागद घेऊन बसले. पुरुषांना चौकोन, बायकांना गोल. मामाचा चौकोन काळा केला, माझ्या मुलाचा काळा केला, मधे माझा आणि आईचा गोल अर्धा रंगवला. मग आजीचा. तिचं माहेरचं नाव मला माहीत नव्हतं. "वेणू," मावशी म्हणाली, "सावर्ड्याची. तिचा धाकटा भाऊ काजूची तांबडी बोंडं नेहमी झाडावरच ठेवून यायचा, वडील ओरडायचे." मी आणखी एक चौकोन काढून काळा केला.

मावशी बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. मग तिने स्वतःच्या गोलाखाली बोट ठेवलं, तिथून मुलीच्या गोलावर आणलं.

"आमच्या सुमनचा धाकटा," ती म्हणाली, "झाडाची पानं तपकिरी रंगवतो. बाई त्याला रोज ओरडतात गो. त्याला कधी आणू तुझ्याकडे?"

इशिहाराची वही मी शाळेतून घरी आणून ठेवली आहे. शनिवारी ती दोघं येणार आहेत.